वीतभर सूड

सूड ही मानवजातीची सर्वांत जुनी आणि सर्वांत प्रामाणिक प्रेरणा आहे. तिच्यापायी राज्यं बुडाली, घराणी संपली, भल्याभल्या तटबंद्या धुळीला मिळाल्या. माझा सूड मात्र वीतभर लांबीचा, हिरवा आणि हाताला जरासा चिकट होता, आणि तो मी भाजीच्या पिशवीतून नेत असे.

तो होता माझ्या साडूंवर. म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. टाइल्सचे मोठे व्यापारी. आमची घरं खाडीच्या काठावर अगदी शेजारीशेजारी. त्यांचं दुमजली, पाच पायऱ्यांवर; आमचं बैठं, दोन पायऱ्यांवर. दोन्ही घरांपुढे चिखलात तांबड्या खारफुटीची दाट रांग होती. हे झाड पाण्यात उभं राहतं ते कोळ्यासारखे पाय फाकून. खोडातून निघालेली मुळं कमानीसारखी वाकून चिखलात रुततात. त्या पायांच्या जाळीत बोटाएवढे मासे लपायचे, मुळांना कालवं चिकटायची, खेकडे वरखाली करायचे आणि फांद्यांवर बगळे बसायचे, सरकारी कचेरीत साहेबाची वाट बघत बसावं तसे.

साडूंनी वरच्या मजल्याला बाल्कनी काढली आणि त्यांच्या लक्षात आलं की समोर समुद्र नाही, झाडं आहेत. आठवड्याभरात झाडं गेली. एकशे बारा होती, मी मोजली होती. परवानगीच्या कागदावर त्यांचा उल्लेख ‘किरकोळ झुडपं’ असा होता.

पुढच्याच वर्षी वादळ आलं. मधे अडवायला कोणी नव्हतं, त्यामुळे पाणी सरळ आमच्या स्वयंपाकघरात शिरलं, कमरेएवढं. मी एकतीस वर्षं बंदराच्या कचेरीत भरती-ओहोटी मोजली. रोजचे आकडे स्वतःसाठी वेगळ्या वह्यांत उतरवून ठेवले होते. त्या वह्यांचा लगदा झाला. तो मी पाटीने बाहेर काढत होतो, तेव्हा साडू गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून समाचाराला आले. दारात सगळे नातेवाईक उभे. साडूंनी लगद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “काय साडूभाऊ, जन्मभर भरती मोजलीत. घरी येतेय ते कळलं नाही होय?”

सगळे हसले. बायकोसुद्धा.

त्या क्षणी मी ठरवलं, हा माणूस माझ्या दारात येऊन ‘चुकलं माझं’ म्हणेल. त्याशिवाय मी मरणार नाही.

“सरळ जाऊन बोला ना त्यांच्याशी,” बायको म्हणाली.

“बोललो तर ते उत्तर देतील.”

“मग काय करणार?”

“त्यांचा समुद्र बंद करणार.”

“अगं बाई,” ती म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

“तू हसलीस त्या दिवशी,” मी म्हणालो.

“हसले. विनोद चांगला होता.”

तांबड्या खारफुटीचं बी झाडावर असतानाच रुजतं. वीतभर लांब, खाली टोकदार, फांद्यांना सुऱ्यांसारखं लटकत असतं. गळून पडलं की चिखलात उभं घुसतं. सुडासाठी याहून सोयीचं बी देवाने केलेलं नाही. खाडीच्या पलीकडच्या तोंडाशी जुनी झाडं होती. तिथून मी दोनशे सुऱ्या पिशवीतून आणल्या आणि साडूंच्या बाल्कनीच्या बरोबर समोर, ओहोटीला गुडघाभर चिखलात उभं राहून ओळीने खोचल्या.

वह्या गेल्या होत्या, म्हणून पाण्याची पातळी आठवणीवर धरली. मोठमोठे अधिकारी ज्याच्या आकड्यांवर जहाजं आत घेत, तो मनुष्य चार बोटांनी चुकला. रोपं दिवसातून दोनदा नको तितकी बुडत राहिली आणि पंधरवड्यात एकूण एक सुटून साडूंच्या पायऱ्यांना जाऊन लागली. त्यांनी ती गोळा करून बादलीत घातली आणि स्वतः आणून दिली. “साडूभाऊ, तुमचं काहीतरी वाहून आलंय.”

मी बादली घेतली आणि ‘आभारी आहे’ म्हणालो. सुडाच्या वाटेवर असे प्रसंग येतात.

दुसऱ्या वर्षी चिखलात काठी ठोकून महिनाभर रोज पाणी मोजलं आणि मग लावली. या खेपेला ती खेकड्यांनी खाल्ली. तिसऱ्या वर्षी प्रत्येक रोपाभोवती सोड्याच्या प्लॅस्टिक बाटलीची नळी बसवली. एवढ्या बाटल्या कुठून आल्या? साडूंच्या बाल्कनीत दर शनिवारी मित्रमंडळी समुद्र बघायला जमत. रिकाम्या बाटल्या साडू पोत्यात भरून आमच्याकडे पाठवत. वर निरोप, “पेन्शनर माणसाला छंद हवाच.” शत्रूने आपल्याच पाडावासाठी हत्यारं पुरवावीत, तीही झाकणांसकट!

त्र्याहत्तर रोपं जगली. पाचव्या वर्षी त्यांनी पाय फाकले. सहाव्या वर्षी मी रीतसर अर्ज केला आणि प्रत्येकाच्या खोडावर नंबराचा पत्रा लावून घेतला. आता कागदोपत्री ती त्र्याहत्तर झाडं होती. झुडूप त्यांत एकही नव्हतं.

निवृत्तीच्या वेळी कचेरीने मला दुर्बीण दिली होती. तिचा खरा उपयोग आठव्या वर्षी सुरू झाला. सकाळी चहाच्या वेळी साडू बाल्कनीत येत आणि समुद्र बघायला टाचा उंचावत. काही महिन्यांनी खुर्चीवर उभे राहू लागले. पावसाळा संपेपर्यंत टेबलावर खुर्ची आणि खुर्चीवर साडू, आणि खुर्ची धरून मेहुणी. मी बायकोला हाक मारली. तिने दुर्बिणीतून पाहिलं.

“ताई पडेल हो त्यांच्याखाली.”

“ते समुद्राला मुकले, ते बघ.”

“तुमचा चहा गार झालाय, तेही बघा.”

त्याच साली पुन्हा वादळ आलं. या खेपेला पाणी झाडांच्या पायांतून गाळलं जाऊन, दमून आलं आणि आमच्या पहिल्या पायरीवर पाहुण्यासारखं थबकलं. मधल्या काळात साडूंनी आवारात टाइल्सचं गोदाम बांधलं होतं, आमच्या घराइतकंच खाली. तेही कोरडं राहिलं. हा माझ्या योजनेतला दोष मला मान्य आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नवव्या वर्षी मात्र कुमक आली. पाणकावळे आणि बगळे शेंड्यांवर घरटी करू लागले, बाल्कनीच्या कठड्यापासून हातभर अंतरावर, वीस-पंचवीस जोड्या. पहाटेपासून त्यांची कचाकच भांडणं, आणि वरून सतत शीट. बाल्कनीच्या टाइल्स परदेशी, पांढऱ्याशुभ्र होत्या. त्यामुळे पहिला आठवडा साडूंना काही कळलंच नाही. नंतर वासाने कळलं. शनिवारची मंडळी यायची बंद झाली. मेहुणी कपडे घरात वाळत घालू लागली. साडू परवानगीच्या कचेरीत गेले, आणि तिथल्या नव्या कारकुनाने त्यांना पत्र्यांच्या नंबरांची यादी वाचून दाखवली. एक ते त्र्याहत्तर. मध्ये पाणीसुद्धा प्यायला नाही म्हणतात.

आता एकच गोष्ट बाकी होती, आणि ती परवा दुपारी आमच्या फाटकातून आत आली. खांद्यावर पांढरा ठिपका होता. मी दुर्बीण उशीखाली सारली आणि ताठ बसलो.

साडूंनी पाणी घेतलं. पेला खाली ठेवला. पुन्हा उचलला, तो रिकामा होता.

“झाडं मुद्दाम लावलीत ना?”

“हो.”

“वाटलंच मला. तिसऱ्याच वर्षी वाटलं होतं.”

“मग बाटल्या कशाला पाठवत राहिलात?”

“म्हटलं, चिखलात उभा राहतोय माणूस, तर राहू दे.”

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बाहेर पाणकावळे भांडत होते. साडू जमिनीकडे बघत होते, आमच्या भिंतीवर त्या पुराची जी तपकिरी रेघ मी मुद्दाम रंगवू दिली नव्हती, तिच्या बरोबर समोर बसून. मग त्यांनी मान वर केली, रेघेकडे पाहिलं आणि घसा खाकरला. नऊ वर्षं मी या खाकरण्याची वाट पाहिली होती.

“साडूभाऊ, कसं सांगू कळत नाही. इतके दिवस येईन येईन म्हणत होतो.”

“सांगा,” मी म्हणालो.

“कठड्याजवळच्या घरट्यात तीन पिल्लं आहेत. धाकट्याला बाकीचे दोघे खाऊ देत नाहीत. त्याच्यावर लक्ष ठेवायला मला रोज सकाळी बाहेर बसावं लागतं. उडायला अजून तीन आठवडे तरी लागतील.” त्यांनी खांद्यावरचा ठिपका पुसला. “तुमच्याकडे एखादी जुनी छत्री आहे का? काळी नको. काळीवर फार दिसतं.”