कापुआसच्या काठची पालथी होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. पोन्तियानाकमध्ये कापुआस नदीच्या काठावर सध्या पालथी पडून आहे. कोंबड्या माझ्या पाठीवर येऊन बसतात. बसू देत बापड्या, कुणीतरी बसतंय!

माझं लाकूड बोर्निओच्या रानातलं, पाण्याला न भिणारं. सारकावी मला वल्हवायचा. नदी ओलांडायला यायच्या त्या बहुतेक बायकाच. कुणी बाजाराला, कुणी बाळंतिणीकडे. नूरलैला तर रोज यायची. पलीकडे तिची आई अंथरुणाला खिळलेली होती, आणि लेकीच्या हातची पेज असल्याशिवाय म्हातारी नीट जेवत नसे. डबा मांडीवर घट्ट धरून बसलेली नूरलैला मला फार आवडायची.

एकदा हेर्लिना नावाची मुलगी घरोघर पाहणी करत आली. कोण कुठं जातं, कशानं जातं, हे तिला लिहून न्यायचं होतं. मी नूरलैलाच्या घराच्या नदीत उतरणाऱ्या पायऱ्यांशीच बांधलेली होते.

"मावशी, काल घराबाहेर कुठं गेला होतात?"

"मी कुठं जाणार गं? माझं आपलं घर नि चूल."

सारकावी खो खो हसला. "मग काल माझ्या होडीत काय तुझं भूत बसलं होतं?"

"गप रे! आईकडे जाणं म्हणजे काय जाणं झालं?"

काठावरच्या साऱ्या बायकांनी असंच सांगितलं. पुरुषांनी मात्र नोकरी, फटफटी, पूल, सगळं ऐटीत सांगितलं. मग त्या पाहणीवरून लोकांच्या येण्याजाण्याचा नकाशा निघाला. पुलावर जाड रेघा, नदीवर एकही नाही. होडीनं कुणी जात नाही असं ठरलं. पलीकडचा होड्यांचा धक्का मोडला तो पुन्हा कुणी बांधला नाही, माझा परवानाही गेला. सारकावी कुठंसा पहारेकरी झाला. पाण्याचा आवाज ऐकू आला की माझा जीव अजून तुटतो.

पुलावरून लांबचा फेरा पडतो, दोनदा गाडी बदलावी लागते. नूरलैला आता शुक्रवारीच आईकडे जाते. एरवी संध्याकाळी मला टेकून पलीकडे बघत बसते.

परवा हेर्लिना पुन्हा आली. नूरलैला धावतच गेली. "लिही बाई, मला आईकडे जायचं असतं. रोज!"

"काल गेला होतात?"

"नाही गं. कशी जाणार?"

"मग नाही लिहिता येत, मावशी. यात गेलेलंच लिहितात. जायचं होतं ते नाही." बोलताना त्या पोरीचाही आवाज पडला.

मित्रांनो, उद्या तुमच्या दारीही कुणी विचारायला येईल. आईकडे गेला असाल तर तेही सांगा. होडी पाण्यात आहे तोवरच सांगा.