वाटीचा आवाज

बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तिने फलाट तीनवरची गाडी पाचवर असल्याचं जाहीर केलं. चाळीस माणसं बोचकी उचलून पाचवर धावली. गाडी तीनवरून रिकामीच सुटली.

बसस्थानकाच्या माडीवरच्या काचेच्या खोलीतून ती एकोणीस वर्षं गाड्या पुकारत होती. चांदीच्या वाटीवर चमचा वाजावा तसा आवाज, म्हणून ड्रायव्हर तिला वाटी म्हणत. हल्ली मात्र खालच्या गाड्या पाण्यातून चालल्यासारख्या सरकत. भर उन्हात ती शाल पांघरून बसे. कर्ण्यातून परत येणारा तिचा आवाज कुणी परकी बाई गादीखालून बोलावी तसा वाटे.

"वाटीला पोचा पडला की काय?" खालून एका ड्रायव्हरने विचारलं.

स्थानकाचे साहेब हसले नाहीत. "ताई, सोमवारपर्यंत बघतो. नाहीतर रेकॉर्ड केलेली टेप लावावी लागेल."

संध्याकाळी डॉक्टरांनी रिपोर्टवर बोट ठेवलं. "टीएसएच परत तळाला. दोन महिन्यांपूर्वी थायरॉइडची गोळी कमी केली, तरी टीएसएच इतका खाली म्हणजे ती जास्तच होतेय. अजून कमी करू."

"जास्त झाली की छाती धडधडते, घाम फुटतो, असं तुम्हीच म्हणाला होतात. मी तर गारठून चाललेय. केस गळतायत, झोप सरत नाही."

"आकडा काय खोटं बोलतो? खाली हिमोग्लोबिनसाठी रक्त द्या."

खाली रक्त घेणाऱ्या म्हाताऱ्याने तिचा हात धरला, रिपोर्ट पाहिला. "हात बर्फ आणि आकडा उलटाच! बाई, आणखी काय घेता?"

"काही नाही. बहिणीने केसांसाठी दिलेल्या गोळ्या तेवढ्या. ते काय औषध थोडंच!"

"त्यात बायोटिन असतं. काही लॅबमध्ये त्याने ही तपासणीच फसते, आकडा खोटाच खाली दिसतो. आल्या पावली वर जा, डॉक्टरांना सांगा."

तिने वर जाऊन सांगितलं तसा डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा पुढे ओढला. "हे मीच विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "केसांच्या गोळ्या बंद. थायरॉइडची आहे तेवढीच घ्या. त्या अंगातून उतरल्या की सोमवारी पुन्हा रक्त द्या."

सोमवारी ती रक्त देऊन कामावर आली. टेबलावर टेपचं यंत्र येऊन पडलं होतं, खोक्यातच. तिने त्यावर शाल ठेवली. दिवसभर प्रत्येक फलाटाचा आकडा मनात दोनदा म्हटला, मगच माइकचं बटण दाबलं.

चार चाळीसची गाडी फलाट तीनवरून सुटली. माणसं तिच्यात होती. रिपोर्ट पाचला मिळणार होता.