खोटा निरोप आणि दोन किलो मांदेली

ईस्टर होऊन पाच आठवडे झाले तरी आमच्या घरातला उपवासकाळ संपला नव्हता, आणि त्याला कारण पप्पांचा एक विनोद.

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, आम्ही सगळे आत्याकडे जमलो होतो. ईस्टरपर्यंत कोणी गोड सोडत होतं, कोणी चिकन. पप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्या ग्लोरियाने यंदा बोलणं सोडावं, म्हणजे मलाच पुण्य लागेल!" सगळे खो खो हसले. मम्मी नाही हसली. तिने खरंच सोडलं. जगाशी नाही, फक्त पप्पांशी.

ईस्टरला सगळ्यांनी आपापलं सोडलेलं परत घेतलं. मम्मीने नाही. पप्पा म्हणाले, "ती बोलेल तेव्हा मी बोलेन." मग निरोप न्यायला उरले मी, ज्युलिएट, वय पंधरा. "ज्युली, पप्पांना सांग, गॅस संपलाय." "ज्युली, मम्मीला सांग, मला दिसतंय." दोघं एकाच टेबलावर, मधे मी आणि आमटीचं पातेलं.

हे मी आणखी वर्षभरही केलं असतं. पण जिल्ह्याच्या फुटबॉल संघात माझी निवड झाली! गोलकीपर! गेल्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा माझा आवाज फुटायचा नाही, आणि आता गोलमधून मी अख्ख्या टीमला ओरडून पळवते. पुण्याला पाच दिवसांचं शिबिर होतं. फॉर्मवर आईवडील दोघांच्या सह्या हव्या होत्या, सोमवारपर्यंत.

मम्मी म्हणाली, "पप्पांना विचार." पप्पा म्हणाले, "मम्मीला विचार." असे चार दिवस गेले. शेवटी माझ्या डोक्यात उजेड पडला. शिबिराला दोघांचाही विरोध नव्हताच. मी पाच दिवस गेले तर निरोप कोण नेणार, याची धास्ती होती!

चर्चच्या युवक गटावर एक मेसेज आला होता: कामात अडकलेल्या कुटुंबांसाठी व्हिडिओवर समुपदेशन, चाळीस मिनिटं, जो जिथे असेल तिथूनच यावं. मी शनिवारची वेळ घेतली आणि जन्मात पहिल्यांदा खोटा निरोप दिला. पप्पांना सांगितलं, मम्मीने बोलावलंय. मम्मीला सांगितलं, पप्पांनी बोलावलंय.

शनिवारी अकराला स्क्रीनवर चार चौकोन उघडले. एकात समुपदेशक वसुंधरा मॅडम. एकात मी, नंदाखाल गावातल्या आमच्या घरी. एकात पप्पा, विरारच्या एका चौदा मजली बिल्डिंगच्या गच्चीवर, कारण ते लिफ्ट दुरुस्त करतात. आणि एकात मम्मी, तुळिंजच्या मासळी बाजारात. तिने फोन बर्फाच्या पेटीला टेकवला होता, त्यामुळे निम्म्या चौकोनात पापलेटच दिसत होतं.

मॅडमनी विचारलं, "कोण सुरुवात करतंय?"

मम्मी म्हणाली, "ज्युली, तुझ्या पप्पांना सांग..."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "ज्युलिएट, तुझा माईक बंद. मी सांगेपर्यंत."

झालं! आता निरोप न्यायला कोणीच नाही. पप्पा पान्याशी खेळत बसले. मम्मीने तेवढ्यात एक सुरमई कापून दिली. मग पप्पा खाकरले. "मॅडम, तुम्ही ग्लोरियाला सांगा..."

"मी नाही सांगणार. समोर आहेत त्या."

"पण तिनेच मला बोलावलंय ना!"

मम्मीचा कोयता हवेतच थांबला. "मी? अहो, बोलावलं तर तुमी!"

"मी कशाला बोलावू?"

"मंग कोनी बोलावलं?"

मग दोघं एकाच सुरात ओरडले, "ज्युली!"

"झाली सुरुवात," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी मला बोलायची खूण केली.

मी माईक उघडला. म्हटलं, गोलमध्ये उभी आहे असं समजू. "हो, मीच खोटं बोलले. पण मला शिबिराला जायचंय. मी नसले की घरात तुम्ही बोलणार कसे?"

शेजारच्या टोपलीवरची कमळीमावशी तिकडूनच म्हणाली, "पोरगी बरोबर बोलते, गो ग्लोरिया."

मम्मीने पदराने डोळे टिपले. आवाज एकदम खाली आला. "बाजारात दिवसभर मी मासळीसाठी ओरडते. माझं सोताचं बोलनं घरातच काय ते. ते पन तुमाला जास्त झालं? आनी सगळ्यांसमोर?"

पप्पांनी हेल्मेट काढलं. "चुकलं माझं. गंमत करायला गेलो. तू गप्प झालीस आणि मला जेवण जाईना, ग्लोरिया. पण आपणहून बोलायची लाज वाटत होती."

मम्मी काही बोलणार, इतक्यात एक गिऱ्हाईक वाकून म्हणालं, "ताई, करा ना माफ. आणि मांदेली कशी दिली?"

मम्मी रडता रडता हसली. "माफी सगळ्यांसमोर आत्याकडेच मागायची, मंग बघू," तिने पप्पांना बजावलं, आणि मग गिऱ्हाइकाला भाव सांगितला.

पप्पा म्हणाले, "उद्या चर्चमधल्या मिस्सानंतर जाऊ. आज घरी येताना बोंबील आण."

"बोंबील संपले. मांदेली आनते."

संध्याकाळी फॉर्मवर दोन सह्या झाल्या. मम्मीच्या सहीशेजारी एक खवला चिकटला, तो मी काढला नाही. खोट्या निरोपाची शिक्षाही मिळाली: दोन किलो मांदेली साफ करायची. एवढीएवढीशी मासळी, दोन किलो!

मी मोरीपाशी बसले होते. मागे पुण्याच्या एसटीपर्यंत मला कोण सोडणार यावर दोघांची जोरदार जुंपली होती. अर्धा तास झाला, मला कोणी काही विचारलं नाही. मी मांदेलीची डोकी मोडत बसले, अगदी सावकाश.