ताऱ्यांचा मनोरा

"हा स्वाध्याय तुम्ही सोडून द्या, भाऊ," बाई म्हणाल्या. "मी दहापैकी दहा देऊन टाकते तुम्हाला."

हॅलोभाऊंची बोटं कळफलकावर जागच्या जागी थांबली. ऑफिसच्या तळघरातल्या त्या खोलीत प्रोग्रॅमिंग शिकायला बसलेली सगळी मंडळी वयानं पन्नाशीच्या आसपास आणि या विषयात पार बिगरीतली होती. शिकवणाऱ्या बाई मात्र त्यांच्या लेकीच्या वयाच्या.

"का सोडू?"

"अहो, ताऱ्यांचा मनोरा काढायचाय. वर एक तारा, त्याखाली तीन, मग पाच. चित्रच आहे ते. दिसल्याशिवाय कसं जमणार? उगाच कशाला डोकेफोड करताय?"

हॅलोभाऊ जन्मापासून आंधळे. ऑफिसच्या टेलिफोन बोर्डावर बसून त्यांनी अर्धं आयुष्य 'हॅलो' म्हणण्यात घालवलं, म्हणून हे नाव पडलं. आता तो बोर्डच निघणार होता. या वर्गात पास झाले तर संगणक विभागात खुर्ची, नाहीतर मुदतीआधीच घरी. पडद्यावरचं सगळं त्यांना कानातला आवाज वाचून दाखवायचा आणि त्याच्या भरवशावर त्यांनी आतापर्यंतचे स्वाध्याय रडतखडत का होईना पार पाडले होते. चार ओळी लिहिल्या की यंत्र मुकाट्यानं सांगितलेलं करतं, याचं त्यांना अजून लहान मुलासारखं अप्रूप होतं.

फुकटच्या दहा गुणांनी पास होणं सोपं झालं असतं. पण 'सोडून द्या' ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. शाळेत चित्रकलेचा तास सोडला, मैदान सोडलं, पुढे नोकरीत लोक त्यांना भांडणातूनसुद्धा वगळायला लागले. एकदा तरी कुणीतरी आपल्याशी कडाकडा भांडावं, अशी त्यांची फार इच्छा होती.

"गुण राहू देत, बाई," ते म्हणाले. "मनोरा सांगा."

तासभर खपून त्यांनी तो लिहिला. कानातला आवाज म्हणाला, "एक तारा. तीन तारे. पाच तारे. सात तारे. नऊ तारे." हॅलोभाऊंनी ऐटीत हात वर केला. बाई येऊन मागे उभ्या राहिल्या आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "छान आहे."

फोनवरच्या माणसाचं गप्प राहणं ओळखण्यात ज्याची हयात गेली, त्याला बाई कसल्या फसवणार? हॅलोभाऊंनी मुकाट्यानं कागदावर छापून मागितलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

घरी बायको शिवणयंत्रावर बसली होती. त्यांनी कागद तिच्यापुढे धरला.

"हे काय दिसतं, सांग. माझी समजूत काढू नकोस."

"मी कधी काढलीय?" यंत्र थांबलं. "काय काढायचं होतं?"

"मनोरा."

"अहो, कसला मनोरा! ही झग्याच्या घेराला जोडायची अर्धी कापलेली कळी आहे. डावीकडून सरळ भिंत आणि उजवीकडून उतार."

ती खदखदून हसली. हॅलोभाऊंना ते हसणं बाईंच्या 'छान'पेक्षा कितीतरी बरं वाटलं. मग तिनं कागद दिव्यासमोर उलटा धरला आणि एकेका ताऱ्यावर पाठीमागून सुई टोचली. पुढच्या बाजूला उठलेल्या टिंबांवरून त्यांनी बोट फिरवलं. पहिला तारा, त्याच्या बरोबर खाली दुसऱ्या ओळीचा पहिला, त्याच्या खाली तिसरीचा. सगळ्या ओळी एकाच कडेला चिकटून बसल्या होत्या.

"वरचा तारा मधे कसा आणायचा गं?"

"त्याच्या आधी जागा सोडायची. मी कापड बेतताना सोडते तशी."

"पण तिथं तर काहीच नसतं."

"नसतं कसं? रिकामं असतं. तेही मोजूनच सोडावं लागतं, नाहीतर सगळं बिघडतं."

हॅलोभाऊंचं बोट पुन्हा पहिल्या टिंबाच्या डावीकडे गेलं. बाईंनी जागा सोडायला शिकवलं नव्हतं असं नाही, पण कानातला आवाज रिकाम्या जागा न उच्चारताच पुढे पळायचा, म्हणून त्यांच्या लेखी त्या नव्हत्याच. डोळस माणसं रिकामं बघतात, हे त्यांना आज कळलं.

जेवण तसंच ठेवून त्यांनी ऑफिसनं दिलेला लॅपटॉप उघडला. आधी आवाजाला दटावलं, की बाबा रे, आता रिकामी जागासुद्धा बोलून दाखवायची. मग प्रोग्रॅममध्ये तारे काढणाऱ्या ओळीआधी जागा सोडणारी एक नवी ओळ घातली. चालवून पाहिलं.

"जागा, जागा, जागा, जागा, तारा."

मग तीन जागा आणि तीन तारे. जागा एकेकीनं सरत चालल्या होत्या, तारे दोन-दोननं वाढत होते. शेवटच्या ओळीत जागा उरलीच नाही, नुसते तारेच तारे.

"बघ गं."

बायको शेजारी येऊन उभी राहिली. ती बोलेना. असली शांतता हॅलोभाऊंनी कधी ऐकली नव्हती, त्यामुळे ते घाबरले.

"पुन्हा चुकलं का?"

"नाही हो," ती म्हणाली. "मधोमध उभाय. दोन्हीकडून सारखा. तुम्ही... तुम्ही कसा काढलात हा?"

तिनं त्यांचं बोट धरून काचेवरून फिरवलं, टोकापासून खाली, आधी एका अंगानं आणि मग दुसऱ्या. काच गुळगुळीत होती. हाताला काही लागत नसताना तिथं आपण केलेलं काहीतरी आहे आणि ते दुसऱ्याला दिसतंय, याचा अचंबा त्यांना आवरेना. आजवर ते जगानं केलेल्या वस्तू चाचपत आले होते. डोळ्यांनी बघायचं असं त्यांनी पहिल्यांदाच काही केलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रोग्रॅम चालवला. या खेपेला त्या 'छान' म्हणाल्या नाहीत. खाली वाकून एकेक ओळ वाचत गेल्या.

"नऊ," शेवटी त्या म्हणाल्या. "एक गुण कापलाय."

"का हो?"

"शेवटी एक ओळ फुकट रिकामी सोडलीत. चालायचं नाही."

"चालायचं नाहीच!" हॅलोभाऊ इतक्या आनंदानं म्हणाले, की बाईंना हसूच फुटलं.

"अहो, इकडे या सगळे," त्यांनी हाक दिली. "भाऊंनी बघा काय केलंय."

खुर्च्या सरकल्या. माणसं पाठीमागे येऊन गोळा झाली. कुणीतरी खांद्यावरून वाकलं होतं, त्याचा श्वास कानाला लागत होता.

मागच्यांना नीट दिसावं म्हणून हॅलोभाऊ खुर्चीसकट थोडे बाजूला सरकले.