आवाज आढळला नाही

“मिस्त्री, पयली पंधरा सेकंदं कान लावून ऐका. त्याच्यापुढं गाडी अशी शानी हुती, की मीच खुळा ठरतो,” सुभेदार लालासाहेब म्हणाले आणि त्यांनी किल्ली बिराप्पाच्या हातावर ठेवली.

सांगलीच्या वर्कशॉपचं शटर नुकतंच वर गेलं होतं. सकाळचे साडेसात. लालासाहेबांची पांढरी हायब्रिड गाडी इंजिन पुरतं गार व्हावं म्हणून रात्रभर आत ठेवलेली, आणि गाडीचे मालक रात्रभर स्टँडजवळच्या लॉजवर. उंब्रजच्या माणसाला खरं तर साताऱ्याची शाखा जवळची. तिथं ते तीनदा जाऊन आले होते. तिन्ही वेळा गाडी धुऊन, पुसून, आत अत्तर मारून परत मिळाली आणि आवाज होता तसाच राहिला. म्हणून चौथ्यांदा सांगली. शोरूमचा मालक तोच, पाटी तीच, पण माणसं तरी वेगळी असतील एवढ्या आशेवर पासष्टीचा माणूस एवढ्या लांब आला होता.

“आठ म्हैन्याची गाडी हाय,” ते म्हणाले. “मी सव्वीस वर्सं फौजंत गाड्याच चालवल्या. लेहच्या थंडीत चालवल्या. साताऱ्यातलं कालचं पोरगं मला म्हनतं, काका, तुमच्या कानाचा प्रॉब्लेम आसंल.”

“बंद कुठं पडलेली?”

“खंबाटकीत. मंडळींना म्हैन्याला पुन्याला न्यावं लागतं, किडनीचं दुखनं हाय. येताना शिरवळ सोडलं, घाट चढाय लागलो आन् गप झाली. मागं सगळं ट्रक. चंद्राबाई पाऊन तास उनात कठड्याला धरून बसली. आता गाडीत बसायचं म्हनलं की ती बिचारी आदी हात जोडती.”

बिराप्पानं मान हलवली. “साहेब, तुमी काचंमागं बसा. आत सोडत न्हाईत कुनाला. मी ऐकतो.”

काचेमागच्या खोलीत सोफे होते, टीव्ही होता, कॉफीचं यंत्र होतं. तिथून गिऱ्हाइकाला आपली गाडी स्पष्ट दिसते आणि तिचा आवाज मात्र जराही येत नाही. काच कशासाठी बसवली आहे, हे बिराप्पाला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. लालासाहेब आत जाऊन बसले नाहीत. काचेला नाक लागेल एवढे जवळ उभे राहिले.

बिराप्पा बंडगर जतच्या बाजूचा. बापाच्या मेंढरांमागं बारा वर्षं हिंडला होता. शे-दीडशे मेंढरांत अंधारात एखादं खोकलं, तर कोणतं ते तो पडल्या पडल्या सांगायचा आणि बाप सकाळी तेच बाजूला काढायचा. मेंढरं विकली, कान तेवढा राहिला. पुढं वीस वर्षं त्यानं मिरज रस्त्याच्या कडेला गाड्यांखाली पाठ घासली. त्या काळात लोक गाडी आणायचे आणि म्हणायचे, बिराप्पाला नुसती ऐकवा. सहा वर्षांपूर्वी तो इथं लागला. छातीवर नाव शिवलेला सदरा मिळाला, पायात कंपनीचे बूट आले, आणि ऐकायचं काम संपलं. इथं लॅपटॉप सांगेल ते खरं.

त्यानं बॉनेट उघडलं, आत बसून बटण दाबलं. गाडी आधी काहीच बोलली नाही. या गाड्यांचं तसंच असतं, विजेवर जागी होते आणि पेट्रोलचं इंजिन मागाहून उठतं. मग इंजिन उठलं आणि सगळी गाडी थरथरली. खडखड, खडखड, मधेच एक ठोका गिळल्यासारखा. मागच्या नळीतून पांढरी वाफ आली आणि गोडसर वास सुटला. पंधरा सेकंदं. मग सगळं कसं गुळगुळीत झालं.

बिराप्पाला पुढं काही बघायची गरज नव्हती. तरी त्यानं बघितलं, कारण धंद्याची तशी रीत आहे. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या बाटलीवर त्यानं काल संध्याकाळी, गाडी हातात आल्या आल्या, रेघ मारली होती. एवढ्यात पातळी रेघेच्या खाली उतरली होती आणि जमिनीवर एक थेंब नव्हता. त्यानं चारही प्लग काढले. तीन काळपट, चौथा घासून धुतल्यासारखा लख्ख. पाणी इंजिनाच्या पोटात जात होतं. इंजिनाच्या डोक्याखालची, म्हणजे हेडखालची, पाणी अडवणारी गॅसकिट गेली होती, नाहीतर डोक्यालाच चीर होती. गाडी कारखान्यातूनच हे दुखणं घेऊन आली होती. आज सुटेल, उद्या सुटेल, एखाद्या चढावर मात्र अंगातली सगळी वाफ काढून मरेल.

त्याला बरं वाटलं. खोटं कशाला, फार बरं वाटलं. किती दिवसांनी कानानं काहीतरी धरलं होतं. तो लख्ख प्लग मुठीत घेऊन सर्व्हिस मॅनेजर उदयसिंहांच्या केबिनमध्ये गेला.

उदयसिंहांनी प्लगकडं बघितलं, मग स्क्रीनकडं. “स्कॅनरला बिघाडाचा कोड आलाय का?”

“न्हाई. पन साहेब, हेड उतरावं लागतंय. पानी आत जातंय.”

“कोड नाही तर कंपनी वॉरंटीचा क्लेम पास करत नाही. इंजिन खोललं आणि क्लेम नाकारला तर माझ्या डोक्यावर. साताऱ्यानं तीनदा लिहिलंय, आवाज आढळला नाही. आता आपण आढळला लिहायचं? म्हणजे साताऱ्याचे सगळे बहिरे?”

यावर खरं उत्तर व्हय असं होतं. उदयसिंह वाईट माणूस नव्हते. बिराप्पाच्या आईच्या तेराव्याला ते त्याच्या गावी येऊन गेले होते. वरून फोन आला की खाली कुणाला तरी दाबायचं, एवढंच त्यांना येत होतं आणि तेवढ्यावर ते मॅनेजर झाले होते.

“चल, बघू,” म्हणत उदयसिंह उठले आणि गाडीपाशी आले. वाकून त्यांनी बराच वेळ आत बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. “हे पिवळं काय आहे?”

इंजिनाच्या झाकणावर, खाचांत पिवळी पूड बसली होती.

“भंडारा हाय, साहेब. खंडेनवमीचा.”

“गाडी धुतली असणार. बॉनेट उघडून, पाइप लावून.”

“खंडेनवमीला सगळेच धुत्यात.”

“सगळे धुतात ते वेगळं. याच्यात वायरिंग आहे, सेन्सर आहेत. बाहेरचा पदार्थ, पाण्याचा मारा.” उदयसिंहांनी मोबाइल काढून चार बाजूंनी फोटो घेतले. “कार्डावर लिही. आवाज आढळला नाही. इंजिनवर बाहेरची पूड आढळली. गिऱ्हाइकाला पूजेबाबत समज दिली.”

वर्कशॉपच्या लिफ्टवर, पान्यांच्या ट्रॉलीवर, त्या लॅपटॉपच्या झाकणावरही दसऱ्याचा भंडारा अजून होता. तो बिराप्पानंच टाकला होता. दरवर्षी तोच टाकतो, कारण उदयसिंहच म्हणतात, बिराप्पाच्या हातानं होऊ दे, देवाचा माणूस आहे. आणि स्वतः बूट काढून लिफ्टला हात जोडतात.

“साहेब, ते मानूस बायकूला घिऊन घाटातनं जातंय,” बिराप्पा म्हणाला.

“मला माहीत आहे. मागं तू एका कार्डावर असंच खरं लिहिलं होतंस, आठवतं ना?”

आठवायला काय झालं. खरं लिहिलं आणि चार महिने गाड्या धुवायला उभा राहिला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून, हातात पाइप घेऊन, दिवसभर ओला. ज्यांना त्यानं पाना धरायला शिकवलं ती माणसं जाता येता मान खाली घालायची, आणि तेच जास्त लागायचं.

“तुझं कायमचं पत्र वर सहीला गेलंय,” उदयसिंह हळू आवाजात म्हणाले. “या आठवड्यात येईल. मीच पाठवलंय. मला तोंडघशी पाडू नकोस.”

पत्र. सोनमच्या सुपारीत कवठेमहांकाळच्या पाहुण्यांनी भर बैठकीत विचारलं होतं, कंपनीत कायम हायसा न्हवं? आणि बिराप्पानं सगळ्यांसमोर व्हय म्हटलं होतं. त्या एका शब्दावर पोरीचं लग्न उभं होतं.

त्यानं चारही प्लग परत जागेवर बसवले, हातानं आवळले, मग पान्यानं. जॉब कार्डावर सांगितलं तसं लिहिलं. अक्षर चांगलं आलं. सही करताना पेन अडलं, म्हणून त्यानं कडेला रेघोट्या ओढून शाई चालू करून घेतली आणि सही केली. मग कुणाला न विचारता बाटलीत कुलंट रेघेपर्यंत भरलं आणि गाडी बाहेर काढली. लालासाहेब काचेमागून केव्हाच बाहेर येऊन थांबले होते.

“ऐकलं?” त्यांनी विचारलं.

बिराप्पानं कार्ड पुढं केलं. लालासाहेबांनी चष्मा लावला आणि सावकाश, ओठ हलवत सगळं वाचलं. समज दिली इथवर आल्यावर ते थांबले, मग पुन्हा वरपासून वाचलं.

“मला कागुद नगं. साताऱ्याचं तीन हायती घरात. तुमी ऐकलं का, एवढंच सांगा.”

“आवाज… तसा काय न्हाई, साहेब. हायब्रिडला थोडं आसतंयच.” हे वाक्य त्यानं काउंटरवरच्या पोरांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं. आपल्या तोंडात ते इतकं सहज बसेल, असं त्याला वाटलं नव्हतं. तो घाईनं पुढं बोलला, “फकस्त रोज सकाळी ही बाटली बघत जावा. पानी रेघंच्या खाली गेलं तर घाट चढू नका.”

लालासाहेबांनी चष्मा काढला.

“गाडीत दोष न्हाई म्हनता, आन् घाट चढू नका म्हनता.”

बिराप्पानं बाटलीचं झाकण उगाच पुन्हा आवळलं.

लालासाहेबांनी गाडीचा खण उघडून कागदाची पुडी काढली. “हा पालीच्या खंडोबाचा भंडारा. दसऱ्याला ह्योच टाकला, त्येच्यावरच तुमी लिवलंय. मिस्त्री, तुमी धनगराची जात. भंडारा उचलून खोटं बोलत न्हाई तुमच्यात कोन, ह्ये मी लहानपनापास्नं बघत आलोय. भंडारा उचला आन् सांगा, आवाज न्हाई. मी उंब्रजला जातो, परत तुमच्या दारात येनार न्हाई. माझंच कान गेलं म्हनीन.”

उघडलेली पुडी त्यांच्या तळहातावर होती. बिराप्पानं बॉनेटमधून बाहेर काढलेला आपला हात बघितला. त्याच्या बापानं एकदा मेंढराच्या चोरीचा आळ आला तेव्हा भंडारा उचलला होता आणि पंचांनी पुढं एक शब्द विचारला नव्हता. त्याच हातानं दरवर्षी तो या लिफ्टवर भंडारा टाकत होता.

“हात तेलाचं हायती, साहेब,” तो म्हणाला.

लालासाहेब गाड्यांतला माणूस. मिस्त्रीचे हात तेलाचेच असतात आणि पुसायला फडका खिशातच असतो, हे त्यांना कळत होतं. फडक्याचं टोक बिराप्पाच्या खिशातून बाहेर डोकावत होतं. ते त्यांनी बघितलं, आणि त्यांनी बघितलेलं बिराप्पानं बघितलं.

“बरं,” लालासाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बिराप्पाला सोपं गेलं असतं. “कळलं मला. माझं कान शाबूत हायती.”

मग त्यांनी चिमूटभर भंडारा घेतला आणि बिराप्पाच्या कपाळाला लावला, अंगठा दाबून, घरातल्या माणसाला लावतात तसा. “हात आसू द्यात तेलाचं. पोटाला करावं लागतं मानसाला.”

पुडी घडी करून त्यांनी खणात ठेवली, कार्ड मात्र तिथंच बाकावर ठेवलं. गाडीत बसले. इंजिन तापलेलं होतं म्हणून उठलंच नाही, गाडी विजेवर, चाकांखालची खडी तेवढी करकरत, फाटकातून बाहेर गेली. तिच्यात काही दुखणं आहे, असं कुणालाच वाटलं नसतं.

दिवसभर बिराप्पानं आणखी पाच गाड्या केल्या. कपाळ पुसायचं त्याच्या हातून झालं नाही. दोनदा फडका कपाळापर्यंत गेला आणि परत आला. दुपारी उदयसिंह जवळून जाताना हसून म्हणाले, “देव पावला वाटतं,” आणि संध्याकाळी त्यांनी स्वतः बोलावून पत्राचं पाकीट त्याच्या हातात दिलं. पत्रात त्याचं नाव, वडिलांचं नाव, सगळं बरोबर होतं.

घरी गेला तेव्हा त्याची बायको मंगल दारात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली आणि ती निवडायची थांबली.

“आज देवाला गेलतासा? मला न्हाई सांगितलं.”

त्यानं पाकीट पुढं केलं. तिला वाचता येत नव्हतं, पण शिक्का बघून कळलं. ती उठून उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायचंही तिनं केलं नाही. किती वर्षं ती या कागदाची वाट बघत होती.

“तरीच म्हनलं, भंडारा कसा,” ती म्हणाली. “पत्र मिळालं आन् आदी देवाला गेला. लय चांगलं केलं.”

बिराप्पानं तोंड उघडलं. तोवर मंगलनं हात पुढं करून त्याच्या कपाळावरचा, घामानं ओला झालेला भंडारा बोटावर घेतला, आपल्या कपाळाला लावला, आणि बोटाला उरलेला आत जाऊन सोनमला लावून आली.