उत्तराच्या चोवीस जागा

दिनांक १७ फेब्रुवारी १९५७, रविवार, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. चिचटोल्याच्या तलावाखाली, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत ध्वनिमुद्रण यंत्र एक, फिती चार, गायिका दोनऐवजी एक.

यंत्र नागपूरहून सरकारी जीपमधून आले होते. लोकसंगीत जतन करण्याची सरकारी योजना निघाली, तेव्हा तलावखात्याचे ओव्हरसियर गुणवंतराव यांनीच इथल्या रोवण्याच्या गाण्यासाठी अर्ज करायचे ठरवले होते. धान रोवताना दोन बांध्यांमधल्या धुऱ्याच्या दोन्ही अंगांना बायांच्या रांगा असत. उगवतीकडून गोकुळा प्रश्न टाकी, मावळतीकडून रुखमाबाई उत्तर देई. बाकीच्या बाया नुसता शेवटचा शब्द ओढत. एका बाजूचे पद दुसऱ्या बाजूने तोंडात घ्यायचे नाही, असा रिवाज होता.

अर्जात ‘पदांची संख्या’ असा रकाना होता. अंदाजाने आकडा भरणे गुणवंतरावांच्या हाडात नव्हते; तांत्रिक शाळेतून बाहेर पडल्यापासून त्यांनी मोजल्याशिवाय काही लिहिलेच नव्हते. १९५५ च्या रोवण्यात निम्मी पदे मोजून होतात तोच सिरोंच्याकडे एका तलावाची पाळ फुटली आणि त्यांना तिकडे जावे लागले. अर्ज वर्षभर खणात राहिला. पुढच्या रोवण्यात आकडा पक्का झाला: प्रश्न चोवीस, उत्तरे चोवीस. शब्द त्यांनी लिहून घेतले नाहीत. ते काम यंत्राचे होते. अर्ज गेला, मंजुरी आली आणि पौषात रुखमाबाई तापाने गेली.

“गोकुळाबाई, उत्तरंही तुम्हीच म्हणा,” गुणवंतराव म्हणाले. “चाळीस वर्षं ऐकली आहेत तुम्ही.”

“आयकली, भाऊ. तोंडात कधी घेतली नाई. मीच पुसू अन मीच सांगू? लोक म्हन्तीन, बुढी येडी झाली.”

“मशिनले लाजू नको वो,” धुऱ्यावर जमलेल्या बायांतून सोमारी ओरडली. “थे काई तुहा नवरा नोहे!”

“नवरा असता त त्यालेच गायाले लावलं असतं,” गोकुळा म्हणाली. हशा पिकला. गुणवंतरावांना हसू आले नाही.

गोकुळाने पहिला प्रश्न टाकला. आवाज पिकलेला होता, पण सूर जागचा हलत नव्हता. मग ती थांबली. मावळतीच्या रिकाम्या धसकटांकडे पाहत, उत्तराला जितका वेळ लागे तितकाच वेळ थांबली, आणि तिने दुसरा प्रश्न उचलला. मध्ये यंत्र चालवणाऱ्या बाबुलालने खटका बंद केला होता.

“चालू राहू द्या,” गुणवंतराव हलकेच म्हणाले.

“साहेब, कोरी फीत फिरवायचा हुकूम नाही. आणि दोनला जीप निवडणुकीच्या कामाला द्यायची आहे.”

नवव्या प्रश्नानंतर गोकुळाचे लक्ष तिकडे गेले. “थे चाक काऊन थांबते?”

“तुम्ही गप्प होता म्हणून, बाई.”

“मी चूप नाई बसली. थे तिकडून गाऊन राह्यली.”

बाबुलालने समजूत घालावी म्हणून फीत मागे घेऊन ऐकवली. नऊ प्रश्न एकावर एक, श्वास न घेता, भांडखोर बाईने दारात उभे राहून तोंड सोडावे तसे बाहेर आले. धुऱ्यावरच्या पोरी फिदीफिदी हसल्या. गोकुळा उठली, लुगड्याची धूळ झटकली. “हे आमचं गानं नोहे,” एवढे बोलून ती घराकडे चालू लागली. तिला कोणी अडवले नाही.

सहा आठवड्यांनी कागद आला: गीत अपूर्ण, मंजुरी रद्द, फीत पुसून पुन्हा वापरात घेतली आहे.

कागद घेऊन गुणवंतराव गोकुळाच्या अंगणात गेले. तिने जाळे विणता विणता ऐकून घेतले.

“निदान उत्तरांचे शब्द सांगा. मी लिहून घेतो.”

“तिचं तिच्यासंगं गेलं, भाऊ.” गाठ ओढून तिने वर पाहिले. “तुमी त दोन साल धुऱ्यावर बसून होते. तुमी काऊन नाई आयकलं?”

घरी येऊन त्यांनी वही उघडली. तारीख होती, वेळ होती, दर पदापुढे उभी रेघ होती. एकही रेघ चुकलेली नव्हती. खाली जागा होती. तिथे त्यांनी नेहमीच्या वळणदार अक्षरात भर घातली.

उत्तरे: २४. शब्द लिहून घेतलेली: ०.