केबिनबाहेरचा ड्रायव्हर

माझ्या सख्ख्या लेकीने मला केबिनमधून उतरवलं. कारखान्यात सगळ्यांना हे माझ्याआधी कळलं होतं, आणि जो तो मला बघून गालातल्या गालात हसत होता.

आमच्याकडे ट्रकवर रॉकेटच्या नळ्या बसवतात. ट्रक बाहेरून येतो. आम्ही त्याची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, मजबूत करायची, मागे गोल फिरणारा पाया बसवायचा, त्यावर नळ्यांचा जुडगा चढवायचा, आणि धक्क्याने सगळं उलटू नये म्हणून खाली टेकायला लोखंडी पाय लावायचे. याचे आराखडे लेक काढते. मी चाचणीचा ड्रायव्हर. शेडमध्ये सगळे मला उस्ताद म्हणतात, म्हणून तीही उस्ताद म्हणते. घरी आली की बाबा.

आजवरची पद्धत अशी की रॉकेटं सुटताना ड्रायव्हरने केबिनमध्येच बसायचं. काचांवर लोखंडी झडपा पाडायच्या, इंजिन चालू ठेवायचं, आणि शेवटचं रॉकेट सुटलं रे सुटलं की ट्रकचे पाय उचलून धूम ठोकायची. कारण धूर दिसला की समोरचा तिथेच नेम धरणार. कानांवर घालायला जाड टोप्या मिळतात. पण दोन्ही कान झाकले तर त्या गदारोळात इंजिन चालू आहे की बंद पडलं, हे कळणार कसं? समोरच्या तबकडीतल्या काट्यावर माझा काडीचा भरवसा नाही. म्हणून मी डाव्या कानावरची टोपी मागे सरकवायचो, आणि माझ्या हाताखाली तयार झालेले सगळे ड्रायव्हर तेच करतात. डावा कान केव्हाच कामातून गेला. मग मी उजव्याने इंजिन ऐकायला लागलो. आता डॉक्टर म्हणाले की उजवाही काठावर आहे, यापुढे रॉकेटच्या जवळ जाल तर तोही जाईल. हे मी घरी बोललो नाही. पण टीव्हीच्या आवाजाने भिंती हादरायला लागल्या की बायकोला वेगळा डॉक्टर लागत नाही.

आणि एके दिवशी लेक केबलचं भलंमोठं रीळ घेऊन शेडमध्ये आली. ट्रक उभा करून सगळ्यांनी लांब खंदकात जाऊन बसायचं, तिथून पेटीवरचं बटण दाबायचं, रॉकेटं गेली की ट्रकचे पाय त्याच पेटीवरून उचलायचे, आणि तोवर ड्रायव्हरने धावत जाऊन स्टिअरिंग धरायचं.

"म्हणजे मी खड्ड्यात बसायचं आणि या वयात पळत सुटायचं?" मी विचारलं.

"पोटही जरा आत जाईल, उस्ताद."

"आणि माझी जागा?"

"तुमचीच आहे. फक्त रॉकेटं गेल्यावर बसायचं."

शेडभर खसखस पिकली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यभर ज्या सीटवर बसलो, तिथून पोटच्या पोरीने उठवावं!

मोठ्या साहेबांनाही केबल फारशी पटली नव्हती. ते म्हणाले, एकच चाचणी होईल. ठरलेल्या वेळात ट्रक जागेवरून हलला तर पुढचे सगळे ट्रक केबलचे. नाही हलला तर रीळ भंगारात आणि ड्रायव्हर पुन्हा केबिनमध्ये. हे ऐकून मी मनातल्या मनात खूश झालो. मला काही करायची गरजच नव्हती. फक्त माझ्या वयाच्या माणसासारखं चालायचं होतं.

चाचणीच्या दिवशी निघताना बायकोने डबा हातात दिला, पण सोडला नाही.

"अहो, ती लहान होती ना, तेव्हा चाचणी करून तुम्ही घरी आलात की ती मागून हाका मारायची. तुम्ही वळायचाच नाहीत. 'बाबा माझ्यावर रागावलेत' म्हणून रडायची. ते केबलचं तिने उगाच नाही काढलेलं. आज जरा पळा."

"मला कुणाचे उपकार नकोत," मी म्हणालो आणि डबा ओढून घेतला.

मैदानावर मी ट्रक उभा केला, पाय टेकवले, झडपा पाडल्या, इंजिन चालू ठेवलं आणि तोंड वाकडं करून खंदकात उतरलो. लेक माझ्या उजव्या बाजूला पेटी मांडीवर घेऊन बसली. मी सवयीने टोपी मागे सरकवली. तिने माझ्या दोन्ही कानांवर दोन्ही टोप्या घट्ट बसवल्या, थंडीत लेकराला कानटोपी घालतात तशा. मग बटण दाबलं.

इतकी वर्षं या कामात काढली, पण रॉकेट सुटताना मी कधी पाहिलंच नव्हतं. झडपेमागून काय दिसणार, कपाळ! नळीतून आग निघाली, त्यामागून दुसरी, आणि अख्खा ट्रक गदागदा हलायला लागला. केबिनचं दार थरथरत होतं. खडे उडून झडपांवर आदळत होते. बघता बघता केबिन धुळीत आणि धुरात दिसेनाशी झाली. दूरच्या उजाड टेकडीवर धूर उठला. तिथे कुणी नव्हतं, हे केवढं बरं. पण माझी नजर केबिनवरून हटेना. त्या पत्र्याच्या पेटीत मी बसत होतो, आणि घरी येऊन "काही नाही, जरा धूळ होती" म्हणत होतो. उद्या तिथे माझ्याच हाताखालचा कुणीतरी बसणार होता, मी शिकवल्याप्रमाणे एक कान उघडा टाकून.

ट्रकचे पाय वर यायला लागले.

लेकीने हात करायच्या आत मी खंदकाबाहेर होतो. कसला पळालो! पोट पुढे, मी मागे. पट्टा सुटला, एक बूट निघता निघता राहिला, छाती फुटेल असं वाटलं, पण थांबलो नाही. दाराची मूठ तापली होती. तशीच ओढली, आत चढलो, झडप उघडली, गिअर टाकला आणि ट्रक धुराबाहेर काढला.

थांबलो तेव्हा मोठे साहेब घड्याळ बघत आले. माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली.

"बसलं वेळेत. उस्ताद, मागे कोण लागलं होतं तुमच्या?"

मला बोलायलाही दम नव्हता. खाली उतरून पायरीवर बसलो आणि टोप्या काढल्या. चाचणीनंतर माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवसापर्यंत नुसती शिट्टी वाजायची. या वेळी इंजिनाची घरघर ऐकू येत होती, सहकाऱ्यांची थट्टा ऐकू येत होती.

"बाबा, पाणी देऊ?" शेजारून लेक म्हणाली. अगदी हळू, नेहमी बोलते तशी. शेडचा नियमही विसरली होती.

मी वळलो. आमच्या घरात एकमेकांचे आभार मानायची पद्धत नाही. पण त्या क्षणी मला या पोरीचं इतकं कौतुक वाटलं की गप्प बसणं जमलंच नाही.

"पोरी, माझा कान वाचवलास. खूप खूप आभार तुझे."

"काय?"

"ऐकू नाही आलं?"

"आलं," ती डोळे पुसत म्हणाली. "पण परत म्हणा."

मी परत म्हणालो, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.